लिलीची कुंडी

निवृत्त बस ड्रायव्हर मगभर पाणी घेऊन गॅलरीत आले आणि कोपऱ्यातल्या कुंडीत त्यांनी ते हळूहळू ओतलं. कुंडीत नुसती माती होती. खुर्चीत चहा घेत बसलेली मेहुणी बघत राहिली.

"भावोजी, हल्ली मातीलाच पाणी घालता की काय?"

"तुझ्या ताईची लिली आहे ती. ताई गेली आणि त्याच महिन्यात हिची पानं पिवळी पडून झडली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ पाणी घालतोय. एकदाही चुकवलं नाही."

शाबासकी मिळेल असं त्यांना वाटलं होतं. भावोजींची टर उडवायची एकही संधी न सोडणारी मेहुणी मात्र हसली नाही. तिने कप खाली ठेवला.

"पानं झडली की ताई हिचं पाणी तोडायची. कुंडी जिन्याखाली सरकवायची आणि खुशाल विसरायची. कंद आत झोपलेला असतो. कोंब दिसला की मगच पाणी. तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्यांना कुठून माहीत असणार? लांबच्या रूटवरून ते घरी यायचे, तेव्हा फूल उमललेलं असलं तर बायको चपलासुद्धा काढू द्यायची नाही, हाताला धरून थेट गॅलरीत न्यायची. फूल नसताना ती कुंडीचं काय करते, हे विचारायचं त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही. आता ते फूल पुन्हा एकदा दिसावं, एवढ्यासाठी त्यांचा जीव तुटत होता.

मेहुणीने बाह्या सरसावल्या आणि कुंडी जुन्या वर्तमानपत्रावर पालथी केली. कांद्याएवढे कंद बोट लावताच पिचले. आंबूस वास सुटला.

"म्हणजे मीच मारली," ड्रायव्हर म्हणाले.

"उतू जाईपर्यंत माया केलीत, दुसरं काय." ती चिखल चिवडतच राहिली. तळाशी सुपारीएवढं कंदाचं एक पिल्लू हाताला लागलं. तिने दाबून पाहिलं, पुसलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हा घट्ट आहे. कोरड्या मातीत, सावलीत ठेवा. आणि पाण्याचा थेंबही घालायचा नाही. आपणहून डोकं वर काढेपर्यंत हात लावायचा नाही."

"किती दिवस?"

"ते त्याचं त्याला ठाऊक. दोन महिने, चार महिने."

ड्रायव्हरांचा दुसरा हात सवयीने मगाकडे गेला आणि मागे आला.

"मग तोवर," ते म्हणाले, "सकाळी उठून मी करू काय?"