पिल्लाचं नाव

पिल्लू घरात आलं त्याच दिवशी लेकीनं त्याचं नाव ठेवलं, लाडू. माझे सासरे, आप्पा, मात्र त्याला नावानं हाक मारायला तयार नव्हते. पिल्लू ताटाजवळ आलं की ते "हाड" म्हणून खेकसायचे, आणि कुणी बघत नाही असं वाटलं की भाकरीचा तुकडा टाकायचे.

महिन्याभरात लाडू म्हटलं की पिल्लू ढिम्म हलेना. "हाड" ऐकलं की मात्र धावत यायचं आणि शेपूट हलवत समोर बसायचं. आम्ही पोट धरून हसायचो. ती खोड मोडावी असं कुणालाच वाटलं नाही.

काल फाटक उघडं राहिलं. शेजारच्या इंदूकाकूंनी अंगणात कुरडया वाळत घातल्या होत्या. थोड्या वेळानं त्या स्वतःच पिल्लाला उचलून घेऊन आल्या.

"हाड हाड म्हणून घसा सुकला माझा," त्या म्हणाल्या. "पण जितकं म्हणावं तितकं अंगावरच येतंय. मला वाटलं पिसाळलंय. घातला दगड."

आप्पांनी पिल्लाला मांडीवर घेतलं. त्याची मान लुळी पडली होती.

"लाडू," त्यांनी पहिल्यांदाच नावानं हाक मारली.

त्या नावाला त्यानं कधी ओ दिलीच नव्हती.