एकच निरोगी तोंड

कंडक्टरांनी आ वासला आणि डॉक्टरांनी टॉर्च आत मारला. पुन्हा तेच. खालच्या दाढेला लागून गालाच्या आत पांढरा पापुद्रा, भोवती लाल कडा. सकाळपासून हे चौथं तोंड.

"झोंबतं का?"

"तिखट लागलं की आई आठवते," कंडक्टर म्हणाले. आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडलेला माणूस, आवाज अजून तसाच खणखणीत.

डॉक्टरांनी त्यांच्या जबड्याखाली बोटं फिरवून गाठी चाचपल्या. नव्हत्या.

डॉक्टर दातांचे. त्यांची आई या वृद्धाश्रमात राहायची. दर महिन्याला ते तिला भेटायला येत आणि आलोच आहोत तर म्हणून सगळ्यांची तोंडं तपासून जात. फुकटात. हे ते आडून आडून सांगतही.

या खेपेला मात्र ते चक्रावले. व्रण होते ते फक्त खिडकीजवळच्या टेबलावर जेवणाऱ्यांना. शेजारच्या टेबलांवर एकालाही नाही. आणि खिडकीच्या टेबलावरही एक तोंड अगदी स्वच्छ होतं. ते त्यांच्या आईचं. इथे तिला सगळे आक्का म्हणत.

"आमच्या आईकडून शिका जरा," डॉक्टर टेबलाला म्हणाले. "या वयात सगळे दात स्वतःचे, आणि गाल बघा कसे गुलाबी."

"आक्कांची गोष्टच वेगळी," मास्तर म्हणाले. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, टेबलावरचे सगळ्यात जुने.

डॉक्टरांना आईचं कौतुक होतंच. तिच्या मणक्याचं दुखणं जुनं. दुखण्याची गोळी तिला रोज लागायला लागली तेव्हा त्यांनीच मेट्रनला सांगून ती बंद करवली होती. सवय लागते असल्या गोळ्यांची. दातांचे असले तरी डॉक्टरच, मेट्रनने ऐकलं. आईने आधी थोडी विनवणी केली, मग विषयच सोडला. तेव्हापासून ती गोळीशिवाय मजेत होती. अर्धं दुखणं मनाचं असतं, असं ते पेशंटना सांगत आणि तिचं उदाहरण देत.

व्रणाचं कारण मात्र सापडेना. एकाच्या गालातला बारीक तुकडा तपासायला पाठवला. कर्करोग नाही असं कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी टूथपेस्ट बदलायला लावली. कवळीची पेस्ट हुंगून पाहिली. टेबलावरचं मीठसुद्धा चाखलं. व्रण होते तिथेच होते.

शेवटी एका संध्याकाळी ते टेबलाशी जेवायलाच बसले. जेवण झालं, नर्स औषधांची गाडी ढकलत आली. सांधेदुखीची गोळी आई सोडून प्रत्येकाच्या हातावर ठेवायची, पाण्याचा घोट घेईपर्यंत थांबायचं आणि पुढे जायचं, अशी तिची रीत. ती पुढच्या टेबलाकडे वळली तशी डॉक्टरांना काहीतरी सुचलं.

"कंडक्टर, तोंड उघडा."

कंडक्टरांनी उघडलं नाही. डॉक्टरांनी हनुवटी धरून उघडायला लावलं. दाढेपाशी अर्धवट विरघळलेली गोळी होती.

"घसा कोरडा पडतो हो," कंडक्टर घाईने म्हणाले. "खाली उतरतच नाही. तिथेच चिकटते."

"आमचंही तसंच," मास्तर म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या. आई ताटाकडे बघत राहिली.

डॉक्टर खूश झाले. म्हातारपणात लाळ कमी होते, गोळी गालाला चिकटते आणि कातडी भाजून काढते. इतकं सोपं होतं. त्यांनी लगेच नर्सला बोलावून सांगितलं की आजपासून या टेबलाच्या गोळ्या कुटून पाण्यात विरघळवायच्या आणि समोर उभं राहून पाजायच्या.

"गोळीच बरी होती," मास्तर म्हणाले. "पाणी कडू लागेल."

"मास्तर, लहान मुलासारखं करू नका."

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी टेबलावरचे गाल एकेक करून पाहिले. सगळे बरे झाले होते, पापुद्र्याचा मागमूस नव्हता. त्यांना स्वतःचाच हेवा वाटला. फक्त कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं, आणि आईची खुर्ची रिकामी होती.

आई खोलीत होती, भिंतीकडे तोंड करून. जबडा इतका घट्ट आवळलेला की कानाखालची शीर उडत होती. त्यांनी महत्प्रयासाने तो उघडला. खालचा ओठ आतून फाटला होता, जिभेची कड सोलवटली होती. दोन्हींवर दातांच्या खुणा स्पष्ट होत्या. तिच्याच दातांच्या. उशीचा कोपरा चावून चोथा झाला होता.

"आई, काय होतंय तुला?"

"काही नाही रे. वय झालं."

डॉक्टर तसेच जेवणघरात परत आले. इतके दिवस ती ठणठणीत होती, मग या एका महिन्यात असं काय झालं, हे त्यांनी टेबलाला विचारलं. कंडक्टरांनी मान फिरवली.

मास्तरांनी चमचा खाली ठेवला.

"गालात धरून गोळी आक्कांपर्यंत नेता येत होती, डॉक्टर," ते म्हणाले. "पाणी नाही नेता येत."