केरबाचा फोटो

“फोटू माझा न्हाई काढायचा. माझ्या पोराचा काढायचाय,” असं म्हणून हरणाबाई एकटीच खुर्चीवर जाऊन बसली.

धरणेंद्रनं दाराकडं पाहिलं. पोरगा काही दिसेना. उंबऱ्यावर तिचा नवरा तात्याबा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, तोही पाठ करून. धरणेंद्र मनातल्या मनात म्हणाला, घ्या, आता हेच राहिलं होतं.

तो आधीच दमलेला. लढाईनं कापड मिळेनासं झालं आणि सांगलीतलं त्याचं कापडदुकान बसलं. म्हणून चाळिशी उलटलेला हा गडी साताऱ्याला हंबीररावांच्या स्टुडिओत फोटोग्राफी शिकायला येऊन पडला होता. दहा वर्षांनी लहान माणसाच्या शिव्या रोज सकाळी खायच्या म्हणजे काय चेष्टा आहे? पाच महिने एकच धडा चालला होता. भिंतीवर घोंगडी टांगायची आणि तिचा फोटो असा काढायचा, की बघणाऱ्याच्या बोटांना लोकर टोचली पाहिजे. समोरून उजेड आला की पोत मरतो, बाजूनं आला की उठतो, हे हंबीररावांनी शंभरदा सांगितलं होतं. धरणेंद्रची घोंगडी दर खेपेला पाटीसारखी सपाट यायची. आज हंबीरराव महाबळेश्वरला गेले होते. फोटो उतरवायची एकच काच त्यांनी घोंगडीसाठी मागं ठेवली होती, कारण लढाईपायी काचाही मिळत नव्हत्या. ही वाया गेली तर सरळ सांगलीची गाडी धर, असं ते बजावून गेले होते.

हरणाबाईनं सगळं सांगितलं. रडली नाही; रडून झालं होतं. केरबा तिचा एकुलता एक. बाविसाव्या वर्षी बर्म्यात पडला. तार आली, माणूस आला नाही. गावात पलटणीत गेलेल्या प्रत्येकाचा फोटो भिंतीवर होता. केरबाचा तेवढा नव्हता, कारण भरतीला तो घरात न सांगता पळाला होता. आणि आता तिला त्याचं तोंड आठवेनासं झालं होतं. नाक आठवलं की डोळे निसटायचे, डोळे आठवले की हनुवटी. असंच चाललं तर वर्षभरात पोरगं सगळंच जाईल, या धास्तीनं ती खंगली होती. पण केरबा हुबेहूब आईवर गेलाय, असं सारा गाव म्हणायचा. तेव्हा तिनं आपलं डोकं चालवलं.

तिनं गाठोडं सोडलं. आत केरबाचा सदरा होता आणि फेटा. सदरा तिनं लुगड्यावरूनच चढवला. मग डोक्यावरचा पदर खाली घेतला. परक्या पुरुषापुढं जन्मात तिनं असं केलं नसेल. धरणेंद्रलाच कसंनुसं झालं आणि तो उगाच खिडकीच्या पडद्याशी खुडबुडत राहिला. फेटा बांधायला तात्याबाला आत यावं लागलं. दोनदा फेटा सुटला, तिसऱ्यांदा बसला. बांधून झाल्यावर तो तिच्या तोंडाकडं न बघता पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसला.

धरणेंद्रनं काळ्या फडक्यात डोकं घातलं. पोरगं बाविसाचं दाखवायचं तर सुरकुत्या लपायला हव्यात, असा त्याचा साधा विचार. त्यानं समोरच्या खिडकीचा पडदा उघडला. सुरकुत्या लपल्या खऱ्या, पण कॅमेऱ्यात दिसली ती फेटा घातलेली बाई, तमाशातल्या सोंगासारखी. त्याला फार वाईट वाटलं. असला फोटो हिच्या हातात ठेवायचा म्हणजे पापच की. त्यानं तो पडदा ओढून घेतला आणि बाजूचा उघडायला लागला, आधी वीतभर, मग हातभर. गालाचं हाड वर आलं. जबडा दिसू लागला. डोळे खोल गेले. सुरकुत्याही एकूण एक उठल्या. पण बाई दिसेनाशी झाली. खुर्चीत एक दमलेला पुरुष बसला होता.

त्यानं तात्याबाला हाक मारली. तात्याबानं मान वळवली आणि उठून उभा राहिला.

“केरबा,” तो म्हणाला.

धरणेंद्रनं घोंगडीसाठी ठेवलेली काच सरकवली, भिंगाचं टोपण काढलं, चार आकडे मोजले आणि टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी हंबीररावांनी सगळी हकीकत ऐकली आणि ती काच उजेडाला धरली. शिवी आली नाही. पोत आला म्हणाले, आता बाविसाच्या पोराला शोभेल अशी कातडी कर. म्हणजे काचेवर बारीक पेन्सिलीनं एकेक सुरकुती भरायची; छापताना ती जाते. काम दोन-तीन दिवसांचं, डोळे फोडणारं. तरी धरणेंद्रनं आधी एक कच्चा छाप काढून ठेवला. तोंड बरोबर उतरलंय का, हे आईखेरीज कोण सांगणार?

बाजारच्या दिवशी दोघं आली. हरणाबाईनं छाप दोन्ही हातांत धरला आणि खिडकीशी नेला. मग तिनं एका बोटानं फोटोतलं कपाळ चाचपलं, गाल चाचपले, डोळ्यांखालच्या रेघा चाचपल्या. चुकलंच, धरणेंद्रला वाटलं. आईला तिचं तरणं पोर हवं होतं आणि आपण पन्नाशीचा थकलेला बाप्या दाखवला.

“मावशी, हे कच्चं आहे,” तो घाईनं म्हणाला. “सुरकुत्या सगळ्या पुसून देतो. केरबा गेला तेव्हा होता, तसाच दिसेल.”

हरणाबाईनं फोटो छातीशी धरला.

“पुसू नगा,” ती म्हणाली. “माझं पोरगं एवढं तरी म्हातारं हुंदे.”