गोळी झाडणाऱ्याचं नाव

"नाव सांगतोस, की याचं डोकं फोडू?"

चर्चसमोर गुडघ्यांवर बसवलेला गोरा पोलीस नोवाक रक्त थुंकत होता. त्याच्यामागे वीट घेऊन उभी असलेली ओडेला पायरीवरच्या महापौराला विचारत होती. तिच्या मुलाची, जोसायाची गाडी पोलिसांनी अडवली होती. लायसन्स मागितलं, पोरानं खिशात हात घातला, झाडली गोळी. सतरा वर्षांचं पोर!

आज त्याला पुरून आम्ही सगळे चर्चमध्ये जेवायला बसलो होतो. ओडेलाच्या हट्टामुळे बंदोबस्त ठेवलाच नव्हता. तेवढ्यात हा नोवाक साध्या कपड्यांत फुलं घेऊन आला. त्या दिवशी पोलिसांच्या गाडीवर हाच होता, हे साऱ्या गावाला ठाऊक. आणखी पुरावा कशाला हवा? लोकांनी ताटं टाकली आणि त्याला फरफटत बाहेर आणलं.

"यानं नाही मारलं!" महापौर लुशियस पायरीवरून ओरडला.

"मग कोणी?"

मिसुरीतल्या आमच्या या गावानं पहिल्यांदाच काळा महापौर निवडून दिला होता. उन्हातान्हात घरोघर फिरून मतं मागितली आम्ही. आणि हा बाबा म्हणे, चौकशी होईपर्यंत नाव सांगता येत नाही! संताप यायचा नुसता.

"गोऱ्यांच्या मिठाला जागतोयस होय रे?" कुणीतरी बाटली भिरकावली. लुशियसचं कपाळ फुटलं. त्यानं रक्त पुसलंही नाही.

त्याची बायको व्हर्लीन सकाळपासून ओडेलाला धरून होती. आता तीच उसळली. "भाषणात जबाबदारीच्या गप्पा मारतोस ना? पोलिसात आहे म्हणून आपल्या पोरीच्या, नेओमीच्या तोंडावर लोक थुंकतात, आणि तू खुन्याला पोटाशी धरतोस?"

"घरी चल. तिथं सांगतो."

"घरी कशाला? इथंच सांग, या आईसमोर!"

"साहेब, नका सांगू," नोवाक कसाबसा म्हणाला.

"बघा! कबूल झाला!" गर्दी खवळली. कुणीतरी त्याच्या बरगडीत लाथ घातली. ओडेलानं दोन्ही हातांनी वीट उचलली.

लुशियस धावत खाली आला आणि नोवाकच्या अंगावर पडला. वीट त्याच्या खांद्यावर बसली. तो कळवळला, पण हलला नाही.

"ओडेला, सोड याला. हा शेजारच्या सीटवर नुसता बसला होता."

"मग गोळी कोणी झाडली?"

त्याला ओडेलाकडे बघवेना. त्यानं बायकोकडे बघितलं.

"आपल्या नेओमीनं."