खेळती हवा

सुतारकामात माझं आयुष्य गेलं, पण एका पेटीचे एवढे लाड कुठल्याच घरात पाहिले नव्हते. साहेबांचा अँप्लिफायर बंद कपाटात तापत होता. त्यांनी माझा हात धरून त्यावर ठेवला, तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"बघा मिस्तरी, जीव गुदमरतोय बिचाऱ्याचा! वर चार बोटं जागा ठेवा, आणि मागून हवा खेळती राहिली पाहिजे."

मी कपाटाची पाठ कापली आणि आवाज न करणारे दोन पंखे बसवले. तेवढ्या वेळात आतल्या बिनखिडकीच्या खोलीत त्यांची म्हातारी आई खोकून खोकून अर्धी झाली. साहेबांनी तिकडे मानसुद्धा वळवली नाही. अँप्लिफायरला मात्र तीनदा हात लावून पाहिला. मला शिसारी आली. म्हटलं, आपलं काम झालं, निघावं.

मी हत्यारं आवरत होतो, तेवढ्यात कपाटातून कापून काढलेला फळीचा तुकडा त्यांनी माझ्यापुढे धरला.


"जाताजाता हा आईच्या दारावरच्या झरोक्यावर ठोकून टाका. गाणं लावलं की तिचा खोकला मध्ये येतो."