पिशवीभर पाला

लेक दर रविवारी माहेरी यायची आणि जाताना परसातल्या सलगमचा कोवळा पाला पिशवीभर खुडून न्यायची. "ने गं, पुन्हा फुटतो तो," आई म्हणायची.

आज गड्डेही न्यावेत म्हणून लेकीनं एक रोप उपटलं. खाली नुसतं करंगळीएवढं मूळ.

"आई, गड्डे धरलेच नाहीत गं!"

"सारखा पाला खुडल्यावर गड्डा पोसणार कसा?" बाबा पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा हो. मी लावलंच होतं पाल्यासाठी." आई पिशवी आणायला आत गेली.

बाबा हळूच म्हणाले, "पाला तिच्या घशाखाली उतरत नाही. तिला गड्डेच आवडतात."

लेक उपटलेलं रोप घाईघाईनं पुन्हा मातीत खोचू लागली.

आई बाहेर आली, ती आज मोठी पिशवी घेऊन.