मागची सीट

"गाडीचं सस्पेन्शन चांगलं आहे गं. उगाच कशाला खर्चात पडायचं?" अभिराम म्हणाला आणि त्याने चहाचा कप तोंडाला लावला.

"खर्च मी करतेय," स्मिता म्हणाली. "तू फक्त गाडी रबाळ्याला घेऊन चल. प्रीतमशी बोलून ठेवलंय मी."

झालं! अभिरामने कप खाली ठेवला.

नेरूळच्या त्या सोसायटीत अभिरामच्या मोटरसायकलचा भलताच रुबाब होता. दर सप्टेंबरला पंधरा दिवसांची सुट्टी टाकायची आणि निघायचं. राजस्थान झालं, मेघालय झालं, यंदा स्पिती. बायको दरवर्षी विचारायची, "मी येऊ का?" आणि हा दरवर्षी काळजीने सांगायचा, "अगं, मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर किती कडक आहे! मागे बसून तुझी पाठ कामातून जाईल. असल्या ठिकाणी एकट्यानेच जावं."

खरी गोष्ट वेगळीच होती. पंधरा दिवस 'कुठे आहेस, काय खाल्लंस' असं कोणी विचारत नाही, हे सुख त्याला कोणाशीही वाटून घ्यायचं नव्हतं. शॉक बदलला की पाठीचं कारण संपलं. आणि आठ वर्षं एकाच कारणावर भागल्यामुळे दुसरं काही त्याने शोधूनच ठेवलं नव्हतं.

निघण्याआधी बाथरूममध्ये जाऊन त्याने प्रीतमला फोन लावला. प्रीतम घणसोली गावातला, रबाळ्याला त्याचं गॅरेज. गाडी घेतल्यापासून तिला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता.

"हे बघ, काही झालं तरी गरज नाही असंच सांगायचं. कळलं?"

"बगतो दादा," प्रीतम म्हणाला.

गॅरेजमध्ये प्रीतमने गाडीची मागची बाजू दोनदा दाबली आणि खाली वाकून पाहिलं. अभिरामने त्याला डोळ्याने खुणावलं.

"तेल गलतंय दादा. आता हा बदलावाच लागंल."

मेल्या, तुला फोन कशाला केला होता! अभिरामने मनातल्या मनात त्याला शिव्या हासडल्या.

"नवीन बसवला तर सीटची उंची थोडी कमी करता येईल?" स्मिताने विचारलं.

"हिला मागे चढताना त्रास होतो," अभिरामने परस्पर सांगून टाकलं. स्मिताने फक्त त्याच्याकडे पाहिलं.

"व्हईल की वयनी," प्रीतम म्हणाला. "पन वजन सांगा. स्प्रिंग वजनावर मागवतात. कोन बसनार, सामान किती, सगला नीट सांगा. नायतर खड्ड्यात आपटंल."

"विचार करून कळवतो," म्हणत अभिरामने तिथून काढता पाय घेतला.

पुढचा आठवडा त्याने नाना खटपटी केल्या.

"सप्टेंबरात तुमच्या ऑफिसात ऑडिट असतं ना?"

"सुट्टी मंजूर झाली."

"तिकडे उंचावर दम लागतो हं. भल्याभल्यांना लागतो."

"डॉक्टरांना दाखवून आले. सगळं ठीक आहे म्हणाले."

ही बाई ऐकायलाच तयार नाही!

रविवारी ती नेहमीसारखी करंजाड्याला उन्नतीकडे गेली. उन्नती तिची कॉलेजची मैत्रीण. गेले काही महिने स्मिता दर रविवारी सकाळीच जायची आणि दुपारी उन्हाने लालबुंद होऊन परतायची. तिथे काय करतेस, असं अभिरामने कधी विचारलं नव्हतं. उलट घर रिकामं मिळतं म्हणून तो खूशच असायचा.

त्या दिवशी त्याने माळ्यावरून प्रवासाची बॅग काढली. आत औषधांची पिशवी होती. स्मिता ती दरवर्षी भरून द्यायची. प्रत्येक पाकिटावर तिच्या अक्षरात लिहिलेलं: ताप, उलटी, पोट बिघडल्यास. मागच्या वर्षीचं सामान अजून तसंच होतं. एकदाही त्याने ते उघडून पाहिलं नव्हतं.

अभिरामला एकदम स्वतःची लाज वाटली. आठ वर्षं आपण हिला थापा मारतोय आणि ही आपल्यासाठी गोळ्या बांधून देतेय. काय माणूस आहोत आपण!

स्मिता आली तेव्हा तो दारातच उभा होता.

"सस्पेन्शन करून टाकू. या वेळी दोघं जाऊ."

चपला काढता काढता ती थांबली. "तू तर म्हणतोस, तिकडे एकट्यानेच जावं."

"म्हणायचो. चुकत होतो मी."

तिने चपला जागेवर ठेवल्या. "हे आधी कधीतरी म्हणायचंस," ती म्हणाली. मग पर्समधून फोन काढला. "प्रीतमला मी कळवते."

तिचे डोळे भरून आलेत असं अभिरामला वाटलं. मग त्याच्या अंगात उत्साह संचारला. दोघांसाठी गरम पाण्याची सोय असलेल्या खोल्या शोधल्या. ऑफिसात ज्याला त्याला पकडून सांगितलं, "यंदा बायकोला नेतोय." जसा काही तिला सोन्याच्या पाटल्याच करतोय!

निघायच्या आदल्या दिवशी दोघं गाडी आणायला गेले. नवा शॉक झळकत होता. अभिराम मोठ्या ऐटीत गाडीवर बसला आणि गाडी पार खाली दबली.

"अरे प्रीतम, मी एकटा बसलो तर ही अवस्था. आम्ही दोघं बसल्यावर काय होणार?"

प्रीतम गोंधळला. त्याने आधी अभिरामकडे पाहिलं, मग स्मिताकडे.

"दोगं? वयनी एकल्याच चालल्यात ना? गाडी त्याच चालवनार, म्हनून वजन त्यांचाच धरलाय."

अभिरामने वळून पाहिलं. स्मिताने हेल्मेटचा पट्टा आवळला आणि दर रविवारी उन्नतीकडे मोटरसायकल शिकताना रापलेला हात चावीसाठी पुढे केला.

"दूध बंद केलेलं नाही," ती म्हणाली. "पंधरा दिवस तुला लागेल."